पदरमोड न करता प्रसिद्धी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी व्याख्यानासाठी एखाद्या विदुषीला बोलवावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि मेतकूट-भाजणी विकणाऱ्या एका बाईला आपल्यापुढे उभे केले. मला भाषणाची सवय नाही. गिऱ्हाइकाशी बोलण्याची मात्र पुष्कळ आहे. तेव्हा दुकानात बसून बोलावे तसेच मी बोलणार आहे. आपण गोड मानून घ्यावे.

विषय मला दिला आहे तो असा : थोड्या खर्चात आपल्या लहानशा धंद्याची प्रसिद्धी कशी करावी? आपल्या मंडळात शिवण, पापड, मसाले, दिवाळीचा फराळ, पाळणाघर, शिकवणी असे काही ना काही करून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताला चव आहे, कामात सफाई आहे. परंतु दोन आळ्यांपलीकडे त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. माल पडून राहतो, आणि मग घरात कोणीतरी म्हणते, "कशाला हवा हा खटाटोप?" या एका वाक्याने कितीतरी उद्योग बंद पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून हा विषय मला नुसता व्यापाराचा वाटत नाही. बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या कष्टाचे चार पैसे राहतात की नाही, असा हा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या संकोचाबद्दल बोलते. आपल्याच हातच्या वस्तूची वाखाणणी आपण कशी करावी, असे लहानपणापासून आपल्या मनावर बिंबलेले असते. चांगुलपणा आपोआप कळतो, अशी आपली समजूत असते. तो कळतो हे खरे, पण ज्याने वस्तू खाल्ली त्यालाच! ज्याला ती वस्तू मिळते हेच माहीत नाही, त्याला कसा कळावा? बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आपल्याला मातीही विकायची नाही आणि गप्पही बसायचे नाही. आपण काय करतो, केवढ्याला देतो आणि कोठे मिळते, एवढे सरळ शब्दांत सांगण्यात बढाई कसली?

आता जाहिरात आणि प्रसिद्धी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. जाहिरात पैसे देऊन घ्यावी लागते आणि पैसे संपले की तीही संपते. प्रसिद्धी म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी आपले नाव येणे. ती विकत मिळत नाही, मिळवावी लागते. ती येण्यास वेळ लागतो, परंतु एकदा आली की चटकन जात नाही. आपल्यासारख्या लहान भांडवलाच्या बायकांनी हिच्याच मागे लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण देते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका पापड लाटावयास बसल्या. छगनलाल करमसी पारेख या सद्गृहस्थांकडून घेतलेले ८० रुपयांचे कर्ज, हेच त्यांचे भांडवल. पहिल्या दिवशी ४ पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. तेच आजचे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

८० रुपये कर्जाऊ आणलेल्या बायकांनी जाहिरात कशाच्या बळावर करावी? त्यांनी ती केलीच नाही. त्यांचे नाव पसरले ते एकीने दुसरीला सांगून, आणि पुढे देशी भाषांतील वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिले त्यातून. ते वाचून आणखी बायका कामाला आल्या. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत असत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबापांनी सल्ला दिला की पापड एकाच प्रतीचा करा, आणि त्या प्रतीत कधी कमी पडू नका. हा सल्ला पापड लाटण्याबद्दलचा वाटेल, पण मला तो प्रसिद्धीचा पहिला धडा वाटतो. तोंडोतोंडी पसरणारे नाव एकाच चवीवर उभे असते. मी एकीला चांगला माल दिला आणि तिच्या सांगण्यावरून आलेल्या दुसरीला हलका दिला, तर खोटी मी पडत नाही, पहिली पडते. ती पुन्हा कोणाला काय सांगणार?

दुसरी गोष्ट नावाची. १९६२ साली त्यांनी आपल्या मालाला नाव हवे म्हणून स्पर्धा ठेवली. बक्षीस ५ रुपये! त्यातून 'लिज्जत' हे नाव निघाले. नाव सुचवावयास लोकांना सांगितले की तो माल थोडाफार त्यांचाही होतो. आपणही नवे लोणचे घालताना मैत्रिणींना, शेजारच्या मुलांना विचारावे, "याला काय नाव ठेवू?" जिचे नाव निवडाल, ती दहा घरी सांगत सुटेल. दूरदर्शनवरची पापडाची जाहिरात आपल्याला आठवते खरी. पण ती पुष्कळ वर्षांनी आली, आधी पापड घरोघर पोचला होता.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, पुडीवर नाव. आपल्यापैकी किती जणी साध्या पिशवीत चकली बांधून देतात! ती चकली पाहुण्यांपुढे जाते, पाहुणे वाहवा करतात, "कुठली हो?" म्हणून विचारतात, आणि यजमानीण म्हणते, "अहो, आमच्या ओळखीच्या एक बाई करतात." झाले! तेथेच आपले गिऱ्हाईक हरवले. एक रबरी शिक्का करून घ्यावा किंवा छापील चिठ्ठ्या कराव्यात. त्यावर पदार्थाचे नाव, आपले नाव, पत्ता, दूरध्वनी, वजन, किंमत, त्यात काय काय घातले आहे ते, केल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल ते लिहावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या भगिनींनी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी आणि नोंदणीचा १४ आकडी क्रमांक पुडीवर घालावा. कायद्याचे पालन तर होतेच, शिवाय अनोळखी माणसाला त्या आकड्याने धीर येतो.

दुसरी गोष्ट, वानवळा. शेतातले पहिले कणीस, परसातली पहिली भाजी शेजारी द्यावी, ही आपली जुनी रीत. तिच्यासारखी प्रसिद्धी नाही. हिशेबच पाहा. एक किलो मेतकुटाच्या २५ ग्रॅमच्या ४० पुड्या होतात. म्हणजे एका किलोत चाळीस घरी आपली चव पोचली. परंतु वानवळा डोळसपणे द्यावा. जी नुसती "छान आहे हो" म्हणून डबा ठेवून देईल, तिच्यापेक्षा जिच्याकडे चार माणसांची ये-जा आहे, तिला द्यावा. भिशी चालवणाऱ्या वहिनी, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या परिचारिका, देवळातल्या भजनाच्या मावशी, अशांच्या तोंडी नाव गेले की ते आपोआप फिरते.

याहून सोपी युक्ती सांगते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असते आणि प्रत्येक घरात "यंदा वाण काय द्यावे?" ही चर्चा चालते. प्लॅस्टिकच्या डब्या देऊन सगळ्यांनाच कंटाळा आला आहे. अशा वेळी डिसेंबरातच आठ-दहा ओळखीच्या घरी जावे आणि म्हणावे, "वहिनी, यंदा मेतकुटाच्या, नाहीतर गोड्या मसाल्याच्या छोट्या पुड्या वाण म्हणून द्या. मी बांधून देते, भाव वाजवी लावते." एका हळदीकुंकवाला पन्नास बायका आल्या तर पन्नास घरी आपले नाव छापलेली पुडी गेली, आणि पुडीचे पैसे आपल्याला मिळाले ते वेगळेच!

तिसरी गोष्ट, वेळ साधणे. आपला वर्षाचा क्रम ठरलेला आहे. उन्हाळ्यात पापड, कुरडया, वर्षाचे तिखट-मसाले. आषाढी आणि श्रावणात उपासाचे पदार्थ. गणपतीत मोदकाची पिठी. मग दिवाळीचा फराळ. घरचा बेत ठरण्यापूर्वी आपले नाव कानावर पडले पाहिजे. वसुबारसेच्या दिवशी फराळाची पाटी लावून काय उपयोग? तीन आठवडे आधी भाव आणि मागणी नोंदविण्याची शेवटची तारीख सांगावी. तारीख सांगितली म्हणजे लोक मनावर घेतात आणि आपल्यालाही सामान किती भरावे ते कळते.

चौथी गोष्ट, पाटी आणि पत्रक. आपल्या दारात एक काळा फळा टांगावा. "आज ताजी भाजणी आहे", "उद्या पुरणपोळी मिळेल", असे रोज एक ओळ सुवाच्य अक्षरात लिहावे. जाणारा-येणारा वाचतोच. दुसऱ्याच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर मात्र कागद चिकटवू नयेत. गावाचे रूप बिघडते, आणि १९९५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. पत्रके काढावयाची तर सगळ्या गावात उधळू नयेत. ज्या दोन-तीन आळ्यांत आपण माल पोचवू शकतो, तेथेच वृत्तपत्र टाकणाऱ्या मुलाकडून ती अंकात घालून द्यावीत. आणि पत्रकावर नुसती आपली स्तुती नको, वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीतरी असावे.

हे मी किर्लोस्करांकडून शिकले. नांगर आणि यंत्रे करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे आपले पत्र सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती द्यावी, हा मूळ हेतू. परंतु संपादक शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचकाला आवडेल, उपयोगी पडेल असा मजकूर घातला. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली त्याच घरातून आपल्या आया-आज्यांनी जपून ठेवलेले 'स्त्री' मासिक निघाले. लोकांनी ते पत्र जाहिरात म्हणून फेकून दिले नाही, जपून ठेवले. आपल्यालाही हे लहान प्रमाणावर करता येते. भाजणीच्या पुडीत थालीपिठाची कृती लिहिलेली चिठ्ठी घालावी. मेतकुटाच्या पुडीवर "मऊ भात आणि तुपाबरोबर, दह्यात कालवून पोळीशी" एवढे लिहावे. नव्या सुनेला ती चिठ्ठी डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवावीशी वाटली, की समजावे आपले नाव त्या स्वयंपाकघरात मुक्कामाला गेले.

पाचवी गोष्ट, स्थानिक वर्तमानपत्र. पुष्कळ भगिनींना वाटते की पेपरात नाव यावयाचे तर पैसे मोजावे लागतात. जाहिरातीला लागतात, बातमीला लागत नाहीत. परंतु "माझे लाडू उत्तम" ही बातमी नव्हे. बारा जणींनी मिळून शाळेतील मुलांसाठी नाचणीचे पदार्थ करून दाखविले, एका आजीबाईंनी सत्तरीत शिवणाचा वर्ग उघडला, ही बातमी झाली. कोण, काय, कोठे, केव्हा आणि कशासाठी, एवढे एका पानात लिहून, एक स्वच्छ छायाचित्र जोडून, कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी कचेरीत नेऊन द्यावे. छापले तर आभाराचे दोन शब्द कळवावेत. नाही छापले तर रुसू नये. पुढच्या वेळी पुन्हा द्यावे.

सहावी गोष्ट, हातातला मोबाईल. आता हा घरोघर आहे आणि त्यावर बोलावयाला दमडी पडत नाही, म्हणूनच आपण तो बेताने वापरावा. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप फुकट मिळते. त्यात आपल्या पदार्थांची चित्रे आणि भाव मांडून ठेवता येतात. गूगलच्या नकाशावर आपल्या उद्योगाची नोंद करावयालाही पैसे पडत नाहीत. परगावचा माणूस "घरगुती फराळ" म्हणून शोधू लागला तर तेथे आपले नाव निघू शकते. छायाचित्र खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, स्वच्छ ताटलीत घ्यावे. ज्यांनी "कळवत जा" म्हटले आहे त्यांनाच कळवावे, आणि तेही आठवड्यातून एकदा. रोज सकाळी सुप्रभात आणि त्याखाली चिवड्याचा भाव, असे करणारीचा निरोप लोक न वाचताच पुसून टाकतात. आपणच खोट्या नावाने आपली स्तुती लिहिण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

सातवी गोष्ट, एकमेकींना हात देणे. मसालेवालीने आपल्या पिशवीत शिवणवालीची चिठ्ठी घालावी, शिवणवालीने ब्लाऊजच्या घडीत मसालेवालीची. दोघींचे गिऱ्हाईक एकच आहे आणि दोघींत स्पर्धा नाही. बचतगटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात, पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तेथे एकटीने जाणे झेपत नसेल तर तिघींनी मिळून जावे. मात्र जाण्यापूर्वी भाडे, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च कागदावर मांडावा, आणि तेथे आलेल्या प्रत्येकाच्या हाती नावाची चिठ्ठी द्यावी. चार दिवसांची विक्री विसरली जाते, चिठ्ठी मात्र घरी जाते.

आता काय करू नये, तेही सांगते. खोटा दावा करू नये. मेथीचे लाडू खाऊन मधुमेह बरा होतो, असे छापणे हे नुसते असत्य नाही. १९५४ पासून अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा आहे, आणि एखाद्या भोळ्या बाईने त्यावर विसंबून औषध बंद केले तर तिच्या जिवाशी गाठ! दुसरीच्या मालाला नावे ठेवू नयेत. आणि हाताला झेपेल त्याहून जास्त नाव करू नये. पाच किलो चकली करण्याची ताकद असताना वीस किलोची मागणी घेतली की तळणी घाईची होते, आणि बिघडलेल्या चकलीची वार्ता चांगल्या चकलीपेक्षा लवकर पसरते. एखादीचा माल मनासारखा झाला नाही, तर वाद न घालता बदलून द्यावा. अशी समाधान पावलेली बाई आपली सगळ्यांत मोठी साक्षीदार होते.

आपल्यातील एका भगिनीने परवा मला एकांतात विचारले. तिच्या परवानगीने, नाव न सांगता, येथे सांगते. कोणी तिला म्हणाले की नाक्यावर मोठा फलक लाव आणि केबलवर जाहिरात दे, म्हणजे धंदा दुप्पट होईल. तेवढे पैसे तिच्याजवळ नाहीत. "पाटल्या गहाण टाकू का?" असे ती मला विचारत होती. मी तिला विचारले, "तुमच्याकडे आज जी गिऱ्हाइके येतात, ती कोणाच्या सांगण्यावरून येतात?" तिला सांगता येईना.

भगिनींनो, हे सांगता आल्याशिवाय जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करू नये. एक वही घालावी. नवे गिऱ्हाईक आले की हसतमुखाने विचारावे, "आमचे नाव कोणाकडून कळले?" आणि जे सांगतील ते तारखेसह टिपावे. माझ्या वहीत एका शाळेच्या बाईंच्या नावापुढे ओळीने अठरा नावे आहेत, पत्रकापुढे चार. तेव्हा दर दिवाळीला पहिला डबा मी कोणाच्या घरी नेत असेन, हे सांगावयास नको. वही नसती तर मी पत्रकेच छापीत बसले असते. त्या भगिनीला मी सांगितले की पाटल्या हातातच राहू द्या. या संक्रांतीपर्यंत शिक्का, वानवळा, वाण आणि वही एवढे करा. मग वही उघडून आपण दोघी बसू. फलकाची गरज असेल तर वहीच सांगेल, आणि तोवर फलकापुरते पैसे धंद्यातूनच सुटले पाहिजेत. धंद्याने दागिना करावा, दागिन्याने धंदा करू नये, असे मला वाटते.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. आपली स्मरणिका दर वर्षी निघते आणि सभासदांच्या घरी व शेजारी जाते. तिच्या शेवटच्या पानावर सभासद भगिनींच्या उद्योगांची यादी छापावी : नाव, काय करतात, कोणत्या आळीत राहतात. शुल्क घेऊ नये, आणि कोणाचे नाव मोठ्या अक्षरात, कोणाचे लहान, असेही करू नये. तसेच मासिक सभेत पाच मिनिटे राखून दर वेळी एकीने आपल्या उद्योगाबद्दल बोलावे आणि चव असेल तर चव द्यावी. बोलावयास उभे राहताना पहिल्यांदा पाय कापतील. ते मला या क्षणीही कापत आहेत, तरी माझे बोलणे झालेच की नाही? आपल्या चांगल्या कामाबद्दल चार माणसांत सरळ मानेने बोलता येणे, ही आपल्या मंडळाने आपल्या भगिनींना दिलेली मोठी देणगी ठरेल.

 बाहेर मेजावर मेतकुटाच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जावी. पुडीवर नाव आहेच!